उपकारस्तुती जड जाते तेव्हा : दुःखाच्या दिवसांत कृतज्ञ राहण्याची वाट

माझ्या यजमानांच्या डाव्या मनगटाजवळ फिस्टुला होता. डायलिसिससाठी शीर आणि धमनी एकमेकांना जोडून तो करतात. जोड नीट चालू असेल तर त्यावर बोटे ठेवल्यावर बारीक थरथर लागते, मांजर गुरगुरताना तिच्या अंगाला हात लावल्यासारखी. ती थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. म्हणून रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी माझी बोटे ती थरथर शोधायची. लागली की मी म्हणायची, "प्रभू, आहे." सव्वादोन वर्षे माझी सकाळची प्रार्थना एवढीच होती.

त्या काळात मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसे घरी यायची, प्रेमाने यायची, आणि जाताना बहुतेक जण एकच वचन सांगून जायचे : "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." बायबलमधल्या पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले अठरावे वचन. शब्बाथशाळेत पाठ केलेले हे वचन तेव्हा मला छातीवर ठेवलेल्या धोंड्यासारखे वाटे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास नवऱ्याचे रक्त यंत्रातून फिरताना बघणाऱ्या बाईने कशाचे आभार मानायचे?

आज त्या वचनाशी माझे भांडण नाही. पण तिथवर मी एका दिवसात पोहोचले नाही आणि कोणी मला उचलून नेलेही नाही. ज्या पायऱ्या चढत गेले त्या इथे लिहिते आहे. तुमच्या घरी आजार असेल, मृत्यू झाला असेल, नोकरी गेली असेल, पीक हातचे गेले असेल, तर यातले काही उपयोगी पडेल. क्रम मात्र सहसा बदलू नका. मी सुरुवातीला शेवटची पायरी आधी चढायला गेले आणि दोनदा तोंडघशी पडले.

शब्दाच्या पोटात काय आहे ते आधी बघा

'कृतज्ञ' या शब्दाची फोड शाळेत शिकवतात : कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात आनंदाचा उल्लेख नाही, मन प्रसन्न असल्याचा नाही, ओठांवर हसू असल्याचा तर नाहीच. 'उपकारस्तुती' या आपल्या बायबलमधल्या शब्दातही आधी उपकार येतो, मग स्तुती. आधी काय झाले ते ओळखायचे, मग बोलायचे.

माझ्यासाठी ही फोड म्हणजे सुटका होती. मी रोज स्वतःच्या मनात कृतज्ञतेची भावना शोधत होते. ती सापडत नव्हती, म्हणून आपला विश्वासच कच्चा आहे असे समजत होते. भावना हुकमी येत नाही. जाणून घेणे मात्र थकलेल्या माणसालाही थोडेफार जमते. थरथर आहे की नाही हे बोटांना कळायचे, मन कितीही सुन्न असले तरी.

हे वचन लिहिणारा पौल कुठून आला होता तेही पाहा. थेस्सलनीकाला येण्याआधी तो फिलिप्पै शहरात होता. तिथे त्याला आणि सीलाला छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या तुरुंगात टाकले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. थेस्सलनीकातूनही त्याला रातोरात निघावे लागले. पुढे फिलिप्पैकरांना तो कैदेतून लिहितो की कोणत्याही अवस्थेत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द मला फार धीर देतो. प्रेषितालासुद्धा ते जन्मतः येत नव्हते.

पहिली पायरी : गाऱ्हाणे मांडा, आणि पुरते मांडा

उपकारस्तुतीची सुरुवात गाऱ्हाण्यातून होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. स्तोत्रसंहितेने सांगितले.

दीडशे स्तोत्रांच्या या पुस्तकाचे इब्री नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तवने. आणि आत उघडून पाहिले तर जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत : रडणारी, देवाला जाब विचारणारी, "कोठवर?" म्हणून ओरडणारी. ज्यांनी हे पुस्तक बांधले त्यांना या रडण्याला स्तवन म्हणण्यात काही वावगे वाटले नाही. देवासमोर रडणे हासुद्धा त्याच्यावरचा भरवसाच आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याच्याकडे कोण गाऱ्हाणे घेऊन जाईल?

असे करून पाहा. तेरावे स्तोत्र काढा. अवघी सहा वचने आहेत. घरात कोणी नसताना मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात वाचलेले गाऱ्हाणे लवकर गुळगुळीत होते. या स्तोत्रात चार गोष्टी एकामागून एक येतात : देवाला हाक, तक्रार, मागणे आणि शेवटी भरवसा. आता एक कागद घ्या आणि आपल्या शब्दांत त्याच चार गोष्टी लिहा. तक्रारीत खरी नावे, खरे आकडे येऊ द्यात. "प्रभू, मला दुःख आहे" असे न लिहिता लिहा : "प्रभू, या महिन्याचे भाडे द्यायला पैसे नाहीत आणि हे कोणाला सांगायची मला लाज वाटते." माझ्या पहिल्या कागदावर होते : "यांना दिवसाला एक लिटर पाणी सांगितले आहे. ते तहानेने पेल्याकडे बघतात तेव्हा तू कुठे असतोस?"

चौथा भाग, भरवशाचा, लिहवला नाही तर रिकामा सोडा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटपर्यंत उजेड येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही.

या पायरीवर किती दिवस राहायचे याला माप नाही. मी तीनेक महिने होते. माझ्या आत्याला तिचा मुलगा गेल्यावर वर्षाच्या वर लागले, आणि त्या वर्षात ती एकही रविवार चुकली नाही, पण एकही गीत तिने गायले नाही. गाणे चालू असताना उभी राहायची, एवढेच. आमच्या पाळकसाहेबांनी तिला कधी "गा" म्हटले नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

आणि जे सांत्वनाला जातात त्यांच्यासाठी : बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचे बरोबर होते. बोलायला लागले तेव्हा चुकले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला, भांडणाऱ्या ईयोबाला नाही. "देवाची इच्छा" हे शब्द ज्याचे दुःख आहे त्याला म्हणू द्या. पाहुण्याच्या तोंडून ते लागतात.

थांबा : जेवण आणि झोप

इथे एक गोष्ट मधेच सांगते, कारण ती न सांगता पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. देवाने त्याला उपदेश केला नाही, उपकारस्तुती करायलाही सांगितले नाही. देवदूताने त्याला हलवून म्हटले, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून त्याला जेवू घातले. देवाचे बोलणे त्यानंतर कितीतरी दिवसांनी आले.

तेव्हा झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वही आणि प्रार्थना बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. ती भाकरही देवाकडूनच आली होती. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही बोलता येते. घरातल्या कोणाचे असे चालले असेल तर त्यांच्यासाठी तुम्ही फोन लावा.

दुसरी पायरी : कशाबद्दल आभार मानायचे नाहीत, तेही ठरवा

वचनात 'सर्व स्थितीत' आहे. आपल्या भाषेत 'त' आणि 'बद्दल' यांत किती अंतर आहे! तुरुंगात गाणे वेगळे, तुरुंगाबद्दल गाणे वेगळे. पौल तुरुंगात गायला.

पण इफिसकरांस पत्रात "सर्व गोष्टींबद्दल" उपकारस्तुती करा असेही आहे, अध्याय 5, वचन 20. हे वचन झाकून ठेवणे मला पटत नाही. मग मूत्रपिंड निकामी झाल्याबद्दल आभार मानायचे का? मी यावर खूप दिवस अडले होते. मला उत्तर येशूच्या वागण्यात मिळाले. लाजाराच्या कबरेपाशी तो व्याकूळ झाला. "येशू रडला." मित्र मेला याबद्दल त्याने पित्याचे आभार मानले नाहीत. कबरेसमोर त्याने आभार मानले ते "तू माझे ऐकलेस" याबद्दल. आणि पौलच करिंथकरांना लिहितो की शेवटचा शत्रू जो मृत्यू तो नाहीसा केला जाईल. देव ज्याला शत्रू म्हणतो त्याचे आभार मानायची सक्ती तो माझ्यावर करणार नाही. इफिसकरांचे वचन मी असे वाचते की कोणतीही गोष्ट देवाच्या हाताबाहेर नाही, म्हणून कोणत्याही गोष्टीत त्याचा हात शोधायला हरकत नाही. माझ्याहून जाणते लोक वेगळे सांगतील. मला एवढ्यावर उभे राहता आले.

करायचे ते सोपे आहे. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा : 'हे वाईट आहे'. उजवीकडे : 'यात हे मिळाले'. दोन्ही बाजू रोज भरायच्या नाहीत, एकदाच शांतपणे भरा. माझ्या डावीकडे आजार होता, कर्ज होते, मुलीची सहल बुडाली ते होते, आणि आजाराबद्दल "कोणते पाप केले" असे विचारणारी एक बाई होती. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न येशूला विचारला होता, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? त्याने दोन्ही नाकारले. उजवीकडे पहिल्या दिवशी मला दोनच ओळी सुचल्या. एक रिक्षावाल्या दादांची, ते पहाटे पाचला न बोलावता दारात येत. दुसरी सासूबाईंची, त्यांनी चाळीस वर्षांनी पुन्हा स्वयंपाकघर हातात घेतले.

डावीकडचे उजवीकडे ओढून आणू नका. "आजारामुळे आम्ही जवळ आलो, म्हणून आजार चांगलाच" असे मन म्हणू लागते. जवळ आलो हे खरे. आजार चांगला हे खोटे. देवापुढे खोटे बोलून केलेली स्तुती टिकत नाही, दोनच दिवसांत तिला वास येतो.

तिसरी पायरी : रोजची एक ओळ

इस्राएल लोक रानात होते तेव्हा रोज सकाळी जमिनीवर हिमकणांसारखे काहीतरी पडलेले असे. ते पाहून लोकांनी एकमेकांना विचारले, "हे काय?" त्या प्रश्नावरूनच मान्ना हे नाव पडले. रोज त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. उद्यासाठी ठेवले तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळे.

माझी वही या गोष्टीवर बेतलेली आहे. नियम थोडे आहेत :

आजचेच लिहायचे. कालचे, लहानपणचे, "देवाने आजवर खूप केले" हे इथे नको.

लहान लिहायचे. 'आरोग्य', 'कुटुंब' असले मोठे शब्द दुःखात पोकळ वाजतात. कोणी काय केले ते लिहायचे, म्हणजे वाक्यात माणूस हवा आणि क्रियापद हवे.

शेवटी 'हे काय?' असे विचारायचे आणि ते कोणाच्या हातून आले हे एका शब्दात लिहायचे.

माझ्या वहीतल्या काही ओळी अशा आहेत. "टेक्निशियन मुलाने सुई पहिल्याच वेळी बरोबर लावली." "यांना बर्फाचा एक खडा चघळायला दिला, पाच मिनिटे चेहरा वेगळाच होता." "शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम आजोबांनी विचारले, आज तुमचा उपास आहे का, आणि मुलीला खजूर दिला." "नारळपाणी बंद आहे हे माहीत नसल्याने भाऊ तीन शहाळी घेऊन दोन बस बदलून आला." त्या शहाळ्यांचे पाणी सासूबाई प्यायल्या. पण दोन बस बदलणे मी लिहून ठेवले.

काही सुचले नाही तर फक्त तारीख लिहा. तारीख म्हणजे मी आज या वहीपाशी येऊन बसले. माझ्या वहीत नुसत्या तारखांची एक सलग नऊ दिवसांची रांग आहे, हे गेले त्यानंतरची. ती पाने मी फाडलेली नाहीत.

वेळ कोणती? रात्रीची, दिवे मालवायच्या आधीची. कॅथोलिक वाचकांना ही रीत नवी वाटणार नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस 1521 मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जखमी झाले आणि त्या अंथरुणावर त्यांचे आयुष्य पालटले. दिवसाच्या शेवटी करायच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत त्यांनी शिकवली, तिची पहिली पायरीच मुळी देवाचे आभार मानण्याची आहे. स्वतःच्या चुका त्यानंतर. आम्ही प्रोटेस्टंट घरातली माणसे उलट करतो, आधी पापांगीकार. दिवसभर खचलेल्या माणसाला रात्री पहिल्यांदा आपली पापे आठवायला लावण्यापेक्षा इग्नेशियसचा क्रम मला दयाळू वाटतो.

चौथी पायरी : शब्द नसतील तर उसने घ्या

प्रार्थना स्वतःच्या शब्दांतच हवी, असे आमच्याकडे काही जण आग्रहाने सांगतात. सुखाच्या दिवसांत ते ठीक आहे. दुःखात माणसाची वाचा जाते. तेव्हा शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे शब्द उसने आणावेत, त्यात कमीपणा नाही.

येशूनेच ते केले. वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असे तो म्हणाला. ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. आणि त्याच्या आदल्या रात्री, भोजनानंतर, स्तोत्र गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले असे मत्तय सांगतो. ते भोजन वल्हांडण सणाचे होते, आणि त्या भोजनात यहुदी लोक स्तोत्र 113 ते 118 गातात. त्या रात्रीही तीच गायली असतील तर अटकेला जाता जाता त्याच्या ओठांवर शेवटचे शब्द होते : परमेश्वराची उपकारस्तुती करा, त्याची दया सनातन आहे.

त्या रात्रीबद्दल मी आणखी थोडे लिहिणार आहे, कारण माझ्यापुरते सगळे तिथेच उलगडले. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक दर वेळी वाचतात : ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, आणि उपकारस्तुती करून ती मोडली. मी हे शेकडो वेळा ऐकले होते. एका रविवारी, डायलिसिसच्या दुसऱ्या वर्षी, 'त्या रात्री' हे शब्द कानात अडकले. ज्याला काही माहीत नव्हते असा हा माणूस नव्हे. कोण धरून देणार, कोण नाकारणार, काय होणार, सगळे त्याला ठाऊक होते. आणि हातातली भाकर म्हणजे उद्या मोडले जाणारे आपले शरीर आहे हेही त्यानेच सांगितले. तरी आभार. या विधीला ग्रीक भाषेतून आलेले जुने नाव आहे युखरिस्त, आणि त्याचा अर्थच उपकारस्तुती. म्हणजे मी ज्याला माझ्या हातून न होणारे काम समजत होते ते माझ्या आधी, माझ्यासाठी, माझ्याहून वाईट रात्री कोणीतरी करून ठेवले होते. मला फक्त ओंजळ पुढे करायची होती. त्या दिवशी मी भाकर घेतली आणि माझ्याकडून एकही शब्द बोलले नाही. त्याचे आभार मी माझे म्हणून घेतले.

तुम्ही कॅथोलिक असा की प्रोटेस्टंट, कठीण काळात प्रभुभोजन किंवा मिस्सा टाळू नका. मन लागत नाही म्हणून टाळावेसे वाटते. मन लागायची वाट बघू नका. आजारी माणूस उठू शकत नसेल तर फादरना किंवा पाळकांना घरी बोलवा, ते येतात.

घरी उसने घ्यायला तीन गोष्टी सांगते. एक, स्तोत्र 136. सव्वीस वचने, प्रत्येकाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे". एकाने पहिला भाग वाचायचा, आजारी माणसाने फक्त तेवढेच पालुपद म्हणायचे. आमच्या यांना बोलताना धाप लागायची तेव्हा ते पालुपदाला नुसता हात वर करायचे. दोन, 'उपासना संगीत' हे आपले मराठी गीतांचे पुस्तक. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली, त्यामुळे आपल्याला दुःखात परक्या सुरांकडे जावे लागत नाही. चाल आठवत नसेल तर शब्द नुसते वाचा. तीन, ज्यांच्या घरी जपमाळ आहे त्यांनी दुःखाची रहस्ये. दहा-दहा दाण्यांच्या पाच मालिकांत एक माणूस यातना कशा सोसतो हे हातांनी मोजत जाता येते, डोके चालत नसले तरी.

पाचवी पायरी : आभार माणसांपर्यंत पोहोचवा

देवाचे आभार मानून माणसांना विसरणे हा भक्तीतला मोठा दोष आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांत सर्रास दिसतो. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवा. येशूने सगळ्यांना बरे केले. नऊ जण याजकाकडे गेले, सांगितलेलेच तर करत होते. एकच आभार मानायला माघारी फिरला, आणि तो शोमरोनी, परका. माघारी फिरण्यात वेळ जातो, चालावे लागते, समोर उभे राहावे लागते.

म्हणून आठवड्यातून एकदा वही उघडा, त्यातले एक नाव निवडा आणि त्या माणसाकडे जा. मोबाईलवर हात जोडल्याचे चित्र पाठवून हे भागत नाही. काय केले ते नेमके सांगा : "तुम्ही त्या दिवशी सुई पहिल्याच वेळी लावलीत, ते मी लिहून ठेवले आहे." हे गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात आमच्याकडे फराळ करायचे कोणाच्या मनात नव्हते. सासूबाईच म्हणाल्या, करंज्या तरी करू, डायलिसिसच्या पोरांना देऊ. आम्ही शंभर करंज्या केल्या. त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकताना माझे पाय लटपटत होते. त्यांच्या खाटेवर दुसरेच कोणी होते. तो टेक्निशियन मुलगा डबा हातात घेऊन म्हणाला, "काकू, पेशंट गेल्यावर इथे परत कोणी येत नाही." मग तो रडला आणि मी त्याला धरून उभी राहिले.

लेवीय पुस्तकात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा एक नियम आहे : त्याचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत ठेवायचे नाही. एकट्या घराला अख्खा पशू एका दिवसात कसा संपणार? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीत हंगामाच्या सणाला लोक बाजरी, कोंबडी, नारळ, भोपळे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दुष्काळाच्या वर्षी एका आजींनी ओंजळभर बाजरी आणली होती. त्या ओंजळीवर बोली वाढत वाढत गेली, आणि घेणाऱ्याने ती आजींच्याच पदरात परत टाकली.

घेणेही शिका. डबा आणणाऱ्या बाईला "कशाला त्रास घेतलात" म्हणू नका. "बरे झाले आणलात, आज चूल पेटवायची ताकद नव्हती" म्हणा. हे म्हणायला मला वर्ष लागले.

सहावी पायरी : दुःखातून जे कळले ते दुसऱ्याच्या उपयोगी आणा

हिला घाई करू नका. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण त्यांच्या तरुणपणीच दुष्काळ आणि उपासमारीत गेले. मग भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या, त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. पण आईवडील गेल्यापासून या कामापर्यंत वीस वर्षांहून जास्त काळ गेला. आणि दुःख तिथे संपलेही नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बायबलचे भाषांतर हातात होते, त्या ते करत राहिल्या. 1922 मध्ये त्याही गेल्या.

तुमच्यासाठी ही पायरी अगदी छोटी असू शकते. मी महिन्यातून एका शनिवारी डायलिसिसला नव्याने आलेल्या बायकांशी बोलते. पाणी मोजायला कोणता पेला घ्यावा, फिस्टुलाच्या हाताने पिशवी का उचलायची नाही, त्या हाताचे बीपी का घेऊ द्यायचे नाही, थरथर कशी बघायची, एवढेच. धर्म कोणता हे विचारत नाही, प्रार्थना करू का असे कोणी म्हटले तरच करते.

मधे खंड पडला तर

पडतोच. वर्षश्राद्धाच्या सुमारास, लग्नाच्या वाढदिवशी, नाताळात पुन्हा सगळे पहिल्या पायरीवर येते. मग पुन्हा तेरावे स्तोत्र काढायचे. शमुवेल संदेष्ट्याने लढाईनंतर एक धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर नाव दिले : येथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केले. आपल्या कितीतरी घरांत हे वचन चौकटीत लावलेले असते. 'येथवर' एवढेच त्यात आहे, पुढचे काही नाही. दुःखाच्या तिथीला मी वहीत एक आडवी रेघ मारते आणि खाली 'येथवर' लिहिते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या कॅथोलिक शेजाऱ्यांसोबत मीही दफनभूमीत मेणबत्ती लावायला जाते, आमच्यात तशी रीत नसली तरी.

यांना जाऊन आता तीन वर्षे होतील. पहाटे अजून डोळे उघडायच्या आधी माझा हात बाजूच्या उशीकडे जातो. थरथर लागत नाही. थोडा वेळ हात तिथेच राहू देते. मग उठते, सासूबाईंना चहा देते, आणि त्या कप हातात घेताना म्हणतात, "बस जरा." कालच्या तारखेपुढे मी तेच लिहिले आहे.